रक्ताचा कर्करोग: केमोच्या फाईलवर वजनही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्ताच्या कर्करोगावर नवं औषध आलं की बातमी येते, आणि यायलाच हवी. पण रुग्णाला ते औषध कितपत झेपेल, याचा बराचसा अंदाज साध्या वजनकाट्यावर येतो. लिम्फोमा, मायलोमा आणि ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या तिन्ही प्रकारांतल्या अनेक अभ्यासांत एकच गोष्ट दिसली आहे: उपचार सुरू होतानाच कुपोषित असलेले रुग्ण कमी जगतात. अशा रुग्णाला केमोची पूर्ण मात्रा सोसत नाही, संसर्ग लवकर होतो, केमोची पुढची फेरी लांबते. आजार उग्र असला की तोच भूक मारतो, त्यामुळे सगळा दोष आहारावर टाकता येत नाही. तरीही रुग्णाचं वय किंवा जनुकातला दोष आपण बदलू शकत नाही, ताटात काय पडतं ते बदलू शकतो.

कोकणातले अनेक रुग्ण परळ, खारघर, बांबोळी किंवा कोल्हापूरला केमो घेतात आणि मधले दोन-तीन आठवडे घरी असतात. त्या काळात वजन कुणीच करत नाही. ५४ किलोचा माणूस चार महिन्यांत ५० किलोवर आला तर घट सात टक्क्यांहून जास्त होते. सहा महिन्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त घट हे कुपोषणाचं मान्य लक्षण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून ते फाईलमध्ये लिहिलं, तरी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना पुष्कळ कळेल. आशाताईंना हे काम जड नाही, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

काटाही कधी फसवतो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड औषधं चालू असताना अंगात पाणी साठतं, चेहरा भरतो, घरचे खूश होतात आणि आत स्नायू झडत असतात. या आजारांत वाढलेल्या प्लीहेचंही (पोटात डावीकडे असणाऱ्या पाणथरीचं) वजन भरतं, शिवाय ती जठरावर दाबते आणि दोन घासांत पोट भरतं. म्हणून दंडाचा घेरही मोजावा, आणि हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते पाहावं.

रक्ताच्या रिपोर्टवरून पोषणाचे गुणांक काढतात, तेही आंधळेपणाने लावू नयेत. एक गुणांक असा: अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणिले १०, अधिक लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या (प्रति मायक्रोलिटर) गुणिले ०.००५. उत्तर जास्त म्हणजे पोषण चांगलं, असं धरतात. अल्ब्युमिन ४ आणि लिम्फोसाइट २,००० असतील तर उत्तर ५० येतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे लिम्फोसाइटच बेसुमार वाढतात त्या कर्करोगात, ते ६०,००० असले तर हेच उत्तर ३४० येईल आणि त्याला काही अर्थ उरणार नाही. अल्ब्युमिनही फक्त उपाशीपणाने उतरत नाही. ताप, संसर्ग आणि ॲस्पॅराजिनेज हे ल्युकेमियावरचं औषध ते खाली आणतात.

आता ताटाकडे. आपल्याकडे निदान झालं की पहिल्यांदा मासे, अंडी, दही बंद होतं आणि पेज सुरू होते. ३० ग्रॅम तांदळाच्या पेजेत जेमतेम १०० कॅलरी आणि दोन ग्रॅम प्रथिनं असतात. ५० किलोच्या रुग्णाला दिवसाला १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी, काटे काढलेला १०० ग्रॅम बांगडा, दोन कप दूध आणि ३० ग्रॅम कुळथाची पिठी एवढ्यातच प्रथिनं ५० ग्रॅमच्या जवळ जातात, भात वेगळा. पेजच उतरत असेल तर तिच्यात दाट नारळाचं दूध किंवा तूप घालावं, सोबत अंडं द्यावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. त्या दिवसांत कुळीथ, चवळी, दूध आणि चालत असतील तर अंडी वाढवायला हवीत. तोंडात छाले असतील तर सोलकढी झोंबते, तेव्हा मऊ आणि कोमट द्यावं.

भेटीला येणारे शहाळी आणतात. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात कर्कपेशी एकदम फुटून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. इमॅटिनिब ही ल्युकेमियाच्या एका प्रकारावरची गोळी घेणाऱ्यांनी गणपतीत घरोघरी येणारं पपनस खाऊ नये, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. ‘रक्त वाढायला’ लोहाच्या गोळ्याही मनाने देऊ नका. इथे रक्त कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा अस्थिमज्जेत (हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजात) असतं, लोहाच्या कमतरतेत नव्हे, आणि चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात साठतं. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तोही नको.

पांढऱ्या पेशी खूप उतरल्या की विहिरीचं न उकळलेलं पाणी, अर्धकच्ची कालवं, वाळूत वाळवलेलं सुकट आणि रात्रीचं उरलेलं टाळावं. पण सगळी फळंच बंद करायला नकोत. केळं, पपई स्वच्छ धुऊन, घरी सोलून लगेच द्यावी. जेवण शिजवून गरम वाढलेलं असलं म्हणजे निम्मी काळजी मिटते.

एवढं करूनही आठवडाभर गरजेच्या निम्म्याहून कमी जात असेल तर नाकातून नळीने अन्न देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. नळीचं नाव काढलं की घरचे हाय खातात. बऱ्याचदा ती काही आठवड्यांपुरती असते आणि तोंडाने खाता येऊ लागलं की काढतात. प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) फार कमी असतील तर नळी कधी घालायची ते डॉक्टर ठरवतील. मात्र बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन उतरून हृदयाची लय बिघडू शकते. मात्रा काही दिवसांत थोडीथोडी वाढवावी, आणि या क्षारांची रक्ततपासणी सुरुवातीला रोज व्हावी.

आपले,
आहारतज्ज्ञ व परिचारिका, रत्नागिरी