नाव न सांगता धावून आलेल्यांचे आभार

आमच्या तान्हीच्या पित्तनलिका, म्हणजे यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या, जन्मतःच बंद होत्या. त्यातच यकृत पोटाच्या मध्यभागी, एका प्लीहेऐवजी (पाणथरीऐवजी) अनेक लहान प्लीहा, आणि यकृतामागची महानीला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, नव्हतीच. अशा शरीरात आईच्या यकृताचा डावा तुकडा बसवताना शिरा कुठे जोडायच्या हे आधी ठरावे, म्हणून थंड जेली लागताच रडणाऱ्या लेकीला खुळखुळा दाखवत पुनःपुन्हा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडम, नागपूरच्या भर मे महिन्यात सीताबर्डीहून रक्तदानासाठी आलेली मुले, आणि अतिदक्षता विभागाबाहेर न विचारता डबा ठेवणाऱ्या धंतोलीच्या काकू (त्यांच्या वरणाला तोड नाही) या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. लेकीचे डोळे आता पिवळे दिसत नाहीत. औषधे मात्र दीर्घकाळ चालतील.