पुऱ्या तळून झाल्या होत्या

कराड,
२७ ऑक्टोबर २०२३

प्रिय सोन्या,

दसऱ्याच्या रात्री सोलापूरला पोचलास तेव्हा नुसता अंगठा पाठवलास, पावणेदोनला. तोवर मी जागीच होते. पंढरपूरच्या पुढचा अंधार, बाइक आणि तू रागात. पण ते सांगायला हे पत्र नाही.

काका जे बोलला ते मला आवडलं नव्हतं. "आता कोर्टानंही समलिंगी लग्नाला नाही म्हटलं, सोड की हे खूळ," असं तो श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी पुऱ्या आणायला आत गेले. पुऱ्या सगळ्या तळून झाल्या होत्या, सोन्या. बाहेर आले तर तू बूट घालत होतास. आपट्याची पानं अजून ताटात तशीच आहेत.

२०१८ च्या सहा सप्टेंबरला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल लागला त्या दुपारीही तू रडत फोन केला होतास आणि मी विचारलं होतं, जेवलास का. म्हणजे तेव्हाही मी आतच गेले होते.

बार्शीहून परतायला तुला किती वाजतात रे? सत्तर किलोमीटर जायचं, वेगळ्या जन्मलेल्या बाळांबद्दल सांगायला सिस्टरांना, आशाताईंना गाठायचं, रात्री परत आणि सकाळी बँक. मधे कुणाला तृतीयपंथी ओळखपत्राचा फॉर्म भरून द्यायचा, प्रतिज्ञापत्रासाठी सोबत जायचं. रात्री तिथंच मुक्काम कर ना. बरं, राहू दे.

गेल्या वर्षी तू फोनवर अशा बाळांच्या ग्रंथींबद्दल सांगत होतास आणि मी मधेच फोन ठेवला. त्याचं कारण आज लिहिते.

१९८८ साल. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. पहाटेची डिलिव्हरी. बाळ छान रडलं, रंग चांगला. पुसायला घेतलं आणि हात थांबला. मुलगा की मुलगी, कळेना. दारात आजी उभी, "काय झालं सिस्टर?" मी डॉक्टरांकडे बघितलं. "मुलगा लिहा," म्हणाले. पुढचे तीन दिवस अख्खा वॉर्ड त्याचं दुपटं उघडून बघून गेला. मीसुद्धा दोनदा बघितलं. अकराव्या दिवशी त्याला परत आणलं. उलट्या, टाळू खोल गेलेली, रडायलाही जोर नाही. जंतुसंसर्ग म्हणून सलाईन लावलं. संध्याकाळी गेलं.

तू सांगितलंस, काही बाळांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत जन्मतः दोष असतो. मुलीचे अवयव बाहेरून वेगळे दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ निघून जातं. सोडियम, पोटॅशियम तपासलं, हायड्रोकॉर्टिसोन वेळेत दिलं तर बाळ जगतं. अवयव 'नीट' करायच्या ऑपरेशनची घाई नसते, घाई मिठाची असते. त्या बाळाला तेच झालं होतं का, आता कोण सांगणार? पण आम्ही सगळे दुपट्यात बघत बसलो आणि त्याची कोरडी जीभ कुणी बघितली नाही. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही.

म्हणून सांगते, डॉक्टरांच्या आधी सिस्टर आणि मावशींना गाठ. दारातल्या आजीला काय सांगायचं तेच त्यांना माहीत नसतं. "बाळ सुखरूप आहे, तपासण्या झाल्या की बाकीचं सांगू," एवढं त्यांच्याकडून घोकून घे. आशाताई सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. असं बाळ असेल आणि दूध ओढत नसेल, उलट्या करत असेल, तर थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे त्यांच्या वहीत लिहून दे. कोर्टाचं शेवटी काढ. मद्रास हायकोर्टाच्या २०१९ च्या निकालानंतर तामिळनाडूनं तान्ह्या बाळांवरची ही ऑपरेशनं बंद केली, जिवावर बेतलं तरच करायची, हे खरं. पण आपल्याकडे म्हणतील, ते तिकडचं. मिठाचं आधी सांग, म्हणजे ऐकतील.

बघ, लागले शिकवायला. दोन वर्षं हे करतोयस आणि मी एकदाही विचारलं नाही कसं चाललंय. हेल्मेट घातलंस का, एवढंच विचारत राहिले. माफ कर.

भीती नुसती रस्त्याची नाही रे. काही पोरांनी तुझी गाडी अडवली होती, हे तू ताईला सांगितलंस, मला नाही. ताईच्या पोटात काही राहत नाही. तेव्हापासून दहा वाजले की माझं लक्ष फोनकडे असतं.

काल काकाला फोन केला. माझ्या घरी जेवायला बसून माझ्या लेकराला असं बोलायचं नाही, म्हटलं. तो गप्प बसला. मला मात्र हात थरथरू नयेत म्हणून खुर्ची धरावी लागली.

पुढच्या महिन्यात बार्शीला सिस्टरांची बैठक आहे ना? मी येते. त्या बाळाचं मीच सांगेन; एका सिस्टरनं सांगितलेलं त्या ऐकतील. संपल्यावर दोघं एस.टी.नं सोलापूरला जाऊ. बाइक घरीच ठेव.

तुझी,
आई