चंद्रावर उतरलेले बाकीचे दहा जण कुठे गेले?

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला चंद्रमोहिमांवरचा पानभर लेख वाचला आणि चीड आली. शीर्षकात ‘इतिहास’ आहे, पण माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तो २० जुलै १९६९ झाला की लेख थेट आजच्या तयारीवर उडी मारतो. डिसेंबर १९७२ पर्यंत आणखी पाच वेळा माणसं चंद्रावर उतरली, त्यांच्या वाट्याला एक ओळही नाही. त्या पहिल्या मोहिमेतले, म्हणजे अमेरिकेच्या अपोलो ११ चे आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यानाबाहेर होते जेमतेम अडीच तास. अपोलो १७ चे सर्नन आणि श्मिट तीन फेऱ्यांत मिळून बावीस तासांच्या आसपास बाहेर राबले. श्मिट तर भूवैज्ञानिक. त्याला शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली आणि ती प्राचीन ज्वालामुखीतून उडालेली काच निघाली. हा इतिहास नाही का?

जागा नव्हती म्हणावं, तर ‘माणूस खरंच चंद्रावर गेला होता का?’ या चौकटीला पाव पान मिळालं आहे.

अशा चौकटीने काय होतं, ते मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. सातवीच्या दोन मुलींनी अपोलो १५ च्या चांद्रगाडीची प्रतिकृती केली होती. चाकांना रबर नव्हतं, बारीक तारेची जाळी वळून लावलेली होती, कारण खऱ्या गाडीची चाकंही विणलेल्या तारेचीच होती. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि खिशातून एका दैनिकाचं कात्रण काढून म्हणाले, “आधी हे वाचा. तिथे वारा नाही, मग झेंडा कसा फडकला?” आजूबाजूचे हसले. बोलणारी मुलगी गप्प झाली. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, ती पूर्ण उघडली नाही म्हणून कापडाला चुण्या राहिल्या, असं मी सांगायला लागले, तर “मॅडम, उशीर होतोय” म्हणत मला पुढच्या टेबलाकडे नेलं. बक्षिसाच्या यादीत मी त्या मुलींची नावं लिहिली होती. व्यासपीठावरून यादी वाचली गेली तेव्हा ती नव्हती. मला त्याचा अजून राग आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही दोन्ही बाजू दिल्या. अहो, या प्रश्नाची तपासणी मुंबईतच झाली आहे! अपोलोने आणलेल्या दगडांचे नमुने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासले. पुढे नेहरू तारांगणाचे संचालक झालेले व्यंकटवरदन त्या गटात होते. अवकाशातून येणारी जड अणुकेंद्रकं खनिजाच्या स्फटिकात घुसली की सूक्ष्म माग सोडतात. स्फटिक रसायनात ठेवला की ते माग रुंदावतात, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात, आणि दगड चंद्रावर किती काळ उघड्यावर पडला होता ते कळतं. पृथ्वीवर हवेचं आवरण ही अणुकेंद्रकं जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. हे नमुने यंत्रांनी आणले असतील म्हणावं, तर त्या काळात सोव्हिएत यानांनी माणसाविना आणलेली माती सगळी मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. अपोलोने आणले ३८२ किलो. शिवाय आपल्या चांद्रयान-२ ने अपोलो ११ आणि १२ उतरले त्या जागांची छायाचित्रं काढली आहेत. चौकट लिहिणाऱ्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही?

छायाचित्राचंही तेच. ‘चंद्रावर नील आर्मस्ट्राँग’ या ओळीखाली छापलेला माणूस ऑल्ड्रिन आहे. आर्मस्ट्राँग त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत, प्रतिबिंबात, बारीकसा दिसतो. फोटो त्यानेच काढला होता.

आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारते, गुरुवारचं विज्ञानाचं अर्धं पान बंद का केलं? राशिभविष्य मात्र आता रोज येतं. ते पान असतं, तर निदान हा लेख कुणी जाणकाराने छापण्याआधी वाचला असता.

छायाचित्राची दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत त्याच पानावर छापा. आणि सर्नन, श्मिट, स्कॉट, आयर्विन, यंग, ड्यूक, कॉनरॅड, बीन, शेपर्ड, मिचेल ही दहा नावंही तिथेच द्या.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा