फुटबॉल संघाच्या सर्व खेळाडूंसाठी सूचना

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीसाठी आपल्या संघाचा सराव येत्या सोमवारपासून दररोज सकाळी ६ ते ७.३० या वेळेत महाविद्यालयाच्या मैदानावर सुरू होत आहे, याची सर्व खेळाडूंनी नोंद घ्यावी.

सोयाबीनची सोंगणी सुरू असल्याने अनेकांना घरच्या शेतावर जावे लागते, याची क्रीडा विभागास जाणीव असून त्यामुळेच सकाळची वेळ ठेवली आहे. तरीही येणे शक्य नसल्यास आदल्या संध्याकाळी कर्णधारास कळवावे. न कळवता सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या खेळाडूचा, तो कितीही चांगला खेळत असला तरी, निवडीसाठी विचार होणार नाही.

१) पात्रता अर्ज दहावी व बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रतींसह शनिवारी दुपारी २ पर्यंत क्रीडा विभागात द्यावा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच असल्याची खात्री करावी.

२) शिनगार्ड (नडगीचे संरक्षक कवच) नियमानेच बंधनकारक आहेत व ते मोज्यांनी पूर्ण झाकलेले असावेत. कडे, अंगठी, साखळी घालून खेळता येत नाही; त्यावर चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही.

३) परतीच्या पावसाने विहिरीकडील गोलसमोर खड्डा पडला असून तेथील काळ्या मातीत बुटाचे स्टड रुतून बसतात. तो खड्डा मुरूम टाकून बुजविण्यासाठी सर्वांनी रविवारी सकाळी ७ वाजता यावे. शक्य असेल त्यांनी घरून फावडे व घमेले आणावे.

संचालक, शारीरिक शिक्षण व क्रीडा विभाग