पोटाला तोंडही असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'वजनदार कोल्हापूर' हा लठ्ठपणावरचा लेख मी सोमवारी दुपारी वाचला. रविवारी लग्नसराईचे ब्लाउज होते, सवड नव्हती. लेखाबद्दल पुढं बोलतेच, आधी त्या फोटोबद्दल. बाई गळ्यापासून वर कापलेली, हातात वड्याची प्लेट, पोट पुढं. वरच्या कोपऱ्यात लेखकाचा फोटो मात्र चेहऱ्यासकट, हसरा. त्या बाईला विचारून फोटो काढला होता का, हे मी विचारत नाही. विचारून कोण देईल?

मी मंगळवार पेठेत २२ वर्षं शिवणकाम करते. वजन ९४ किलो. थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी. लेखकाचं म्हणणं, 'रोज ४० मिनिटं चाला, निमित्तं सांगू नका.' बरं, मी निमित्त सांगत नाही. काय झालं तेवढं सांगते.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी रंकाळ्यावर चालायला सुरुवात केली. आधी बूट घेतले. मग पँट बघायला महाद्वार रोडला गेले. तिसऱ्या दुकानातल्या पोरानं माप विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, तुमच्यात नाही येत, जेन्ट्समध्ये बघा." जेन्ट्सची पँट सीटला आवळते आणि कमरेला ढगळ होते, हे त्याला काय कळणार. शेवटी होजिअरीचं कापड आणून घरीच शिवली. म्हणजे चालायला जायच्या आधीच माझे आठ दिवस गेले होते.

संध्यामठाच्या बाजूला एक घोळका बसायचा. सगळे साठीपुढचे. चार पावलं चालायचं आणि तासभर बोलायचं, असा त्यांचा व्यायाम. रोज काहीतरी असायचंच. "वैनी, दमानं, तळ्याचं पाणी हलालंय!" मी हसायचे. आपल्याकडं हसून सोडावं लागतं, नाहीतर "लई मनावर घेत्यात" असं होतं. महिनाभर हसले. चाल वाढली होती, शालिनी पॅलेसपर्यंत न थांबता जात होते. मग एक दिवस कुणी नाही असं बघून पन्नासेक पावलं पळाले. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच. फार बरं वाटलं, खरं सांगते.

त्याच दुपारी आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक बाई पळतेय, मागून काढलेली, मानेच्या वरचं दिसतच नाही. खाली लिहिलेलं, 'रंकाळ्याला भूकंप, काठावरच्यांनी घरी जावे.' हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं खाली रांगेनं. मी पण हसणारच होते. पण कुर्ता ओळखीचा वाटला. डाव्या कडेला मी कळी, म्हणजे कुर्ता रुंद करायची पट्टी, घातली होती, कापड कमी पडलं म्हणून जरा गडद रंगाची. ती दिसली.

पाठवला होता माझ्या सख्ख्या नणंदेनं. तिला कुणी पाठवला ते तिला आठवत नाही. फोन केला तर म्हणाली, "अगं, मला कुठं माहीत तू हाईस! तोंडच दिसत नाही की त्यात." संपादक महाशय, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. तोंड दिसत नसलं की कुणालाच काही वाटत नाही. नणंदेला नाही आणि तुमच्या पान लावणाऱ्यालाही नाही.

त्यानंतर सात आठवडे मी घराबाहेर चालायला पडले नाही. बूट पलंगाखाली. आता सांगा, हे निमित्त की काय?

लेखातलं शास्त्र तेवढं बघून घेऊ. बीएमआय २५ च्या पुढं गेला की लठ्ठ, असं ठणकावून लिहिलंय. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ साली भारतीयांसाठी रेघ २५ वर ओढली हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेची ३० वर आहे, तेही लिहिलं असतं तर शाई संपली नसती. पण हा हिशेब नुसत्या वजन-उंचीचा. काढला बेल्जियमच्या केतले नावाच्या माणसानं, १८३० च्या दशकात, आणि तो गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे. मांस अंगात कुठं आहे हे त्या आकड्याला कळत नाही. टेपला कळतं. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी, असं डॉक्टरही सांगतात. म्हणजे साडेएकतीस इंच. अंगानं बारीक म्हणून मिरवणाऱ्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइका तिथं नापास होतात. नावं सांगणार नाही, धंदा आहे.

माप देताना बायका काय करतात माहीत आहे? श्वास आत घेतात. टेप कमरेला लावला की पोट आत. मग ब्लाउज घट्ट झाला की माझ्या नावानं बोंब. आता मी त्यांना आधी दोन मिनिटं बोलण्यात गुंतवते, मग माप घेते, आणि तरी आत दोन इंच माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवते. २२ वर्षांत एकही बाई अशी आली नाही जिनं टेप लावताना "जाड झालेय का हो मी?" विचारलं नाही. कॉलेजच्या पोरीसुद्धा.

खांदा दुखतो म्हणून एका दवाखान्यात गेले होते, तर हात वर करा असंही न म्हणता "वजन उतरवा" म्हणाले. माझी वाळकी जाऊ माझ्याच शेजारी मशीनवर बसते, तिचाही तोच खांदा दुखतो. ती त्याच दवाखान्यात गेली. तिला व्यायाम दाखवले.

माझी मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिनं मला २०२० सालचं एक निवेदन वाचून दाखवलं, वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून काढलेलं, 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलेलं. कमी खा, जास्त हला की वजन हमखास उतरतं हा समज पुराव्याला धरून नाही, आणि जाड माणसाला हिणवल्यानं त्याच्या तब्येतीचं नुकसानच होतं, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्या लेखकानं हे वाचलेलं नसावं. वाचून फोटो तसाच ठेवला असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आणि कोल्हापूरनं तरी कुणाला हसावं! शाहू महाराजांचा धिप्पाड देह आपण अभिमानानं सांगतो. खासबागेत कुस्तीला सव्वाशे किलोचा गडी उतरला की त्याच्या मांडीकडं बघून शिट्ट्या वाजतात. पाहुण्याच्या घरी गेलं की "घे की गं, पांढरा रस्सा अंगाला लागत नाही," म्हणून तिसरी वाटी पुढं येते आणि हात धुवायच्या आत "सुटलीस की गं चांगली!"

आता पुन्हा जाते. पहाटे पाचला, अंधारात, म्हणजे कुणाच्या मोबाईलमध्ये यायला नको. पण त्या वाटेवरचे दोन दिवे महिनाभर बंद आहेत आणि फरशा उचकटल्यात, परवा ठेच लागून अंगठ्याचं नख गेलं. ज्यांच्याकडं हे काम आहे त्यांच्यावर एखादा लेख लिहा, त्यांचे फोटो चेहऱ्यासकट छापा. वजन तीन किलो उतरलंय, लेखकाच्या मते बहुतेक काहीच नाही. दोन जिने चढताना आता मध्ये टेकावं लागत नाही, एवढं मला पुरतं.

अजून एक. लेखाच्या पाठीमागच्याच पानावर 'पंधरा दिवसांत दहा किलो' अशी अर्ध्या पानाची जाहिरात होती. त्यातही बाईला डोकं नव्हतं.

आपली,
एक वाचक (आणि टेलर),
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. महिला दिनाला तुमच्या वर्तमानपत्रानं जी चालण्याची स्पर्धा घेतली, तिचे पैसे मी भरले होते. टी-शर्ट वाटणारी मुलगी म्हणाली, "एक्सेलच्या पुढं मागवलेच नाहीत ओ काकू." मी माझ्याच कुर्त्यात चालले. टी-शर्ट कपाटात तसाच घडीला आहे. त्याच रंगाचा अजून एक उरला असेल तर पाठवून द्या, दोन्ही बाजूंना कळ्या घालून घेईन. शिलाई मागणार नाही.