ग्रामविकास मंत्री साहेब, दाखल्यावर नावं तरी नीट लिहायला सांगा

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी ओहायोत राहते आणि नवरा सातारा जिल्ह्यात. लग्न झालं तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, पुढे इथलं नागरिकत्व मिळालं, आता त्याला इकडे आणायची फाइल तयार करतेय. तुम्ही म्हणाल अमेरिकेच्या व्हिसाचं मला काय सांगता, दिल्लीला लिहा. पण साहेब, इथली बाजू त्यामानाने सरळ आहे हो. आय-130, म्हणजे हा माझा नवरा आहे असं दाखवणारा अर्ज, ऑनलाइन भरायचा, 625 डॉलर फी. तो मंजूर झाला की आय-864, म्हणजे मी सरकारला लिहून द्यायचं की या माणसाला मी पोसेन, त्यासाठी कमाई गरिबी रेषेच्या निदान 125 टक्के पाहिजे, टॅक्सचे कागद जोडायचे. (ही हमी घटस्फोट झाला तरी सुटत नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग बरंय.) कटकट आहेच, पण काय लागतं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर तेच येतं.

घोडं अडतं ते गावात. दोनच कागदांवर, विवाह दाखला आणि जन्म दाखला.

आधी विवाह दाखला. विवाह नोंदणीच्या 1998 च्या कायद्याने गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय ते सोडा. नमुना ड, म्हणजे नोंदणीचा अर्ज भरला, तीन साक्षीदार आणले, भटजींची सही घेतली, सगळं रीतसर. आणि दाखला हातात आला तर त्यावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव! मी नाव बदललेलंच नाही, पासपोर्टवर माहेरचं, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर तेच, पगाराच्या स्लिपवर तेच. विचारलं तर उत्तर काय, "ताई, लग्न झाल्यावर असंच लिहितात." आता अमेरिकेतला अधिकारी फाइल उघडणार, अर्ज करणारी बाई एक आणि दाखल्यावरची बायको भलतीच, मग तो खुलासा मागणारच ना, आणि त्या एका पत्रात फाइल महिनोनमहिने मागे पडते. माझं निदान पहिलं नाव तरी शाबूत आहे. ज्यांचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललं आणि हौसेने दाखल्यावरही तेच घातलं त्या पोरींचे हाल विचारू नका. वडिलांच्या नावाचीही तीच तऱ्हा, एका कागदावर बाळू, दुसऱ्यावर बाळासाहेब, तिसऱ्यावर बाळकृष्ण, माणूस एकच.

जन्म दाखल्याची गंमत तर याहून मोठी. नवऱ्याची जन्मनोंद आहे, तारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर, पण बाळाच्या नावाची जागा कोरी. नव्वदच्या दशकात गावाकडे हे सर्रास व्हायचं, बारशाआधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कोण जातंय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखालचे नियम म्हणतात नाव घालायचं तर जन्म नोंदल्यापासून 15 वर्षांच्या आत घाला. सरकारने मध्ये मध्ये मुदतवाढ दिली, पण ती पेपरात येते आणि आमच्या ग्रामपंचायतीत ऐकू येतं "मुदत संपली", पुढच्या खेपेला "पोर्टल घेत नाही". बरं, नोंदच सापडली नसती तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन, सोबत जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडून काम भागलं असतं, अमेरिकावाले ते चालवून घेतात. पण इथे नोंद आहे म्हणून अनुपलब्धता देता येत नाही आणि नाव नाही म्हणून नावाचा दाखला देता येत नाही. म्हणजे ज्याच्या आईबापाने नोंदच केली नाही त्याचं काम सोपं आणि ज्यांनी केली ते त्रिशंकू. हे कुणाला सुचलं? ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्म दाखला हाच मोठा पुरावा असा बदल या कायद्यात झाला, चांगलंच झालं, पण व्हिसाच्या रांगेत आज उभी असलेली माणसं पंचवीस तीस वर्षांपूर्वी जन्मलेली आहेत.

या गोंधळावर एजंट लोकांचं छान चाललंय. ते सांगतात अपोस्टिल करा, म्हणजे परदेशात चालावा म्हणून कागदावर सरकारी शिक्का घ्या, नोटरीकडून भाषांतर करून घ्या, एवढे हजार द्या. या अमेरिकन फाइलीला अपोस्टिल लागतच नाही, आणि भाषांतर दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करून खाली "भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात" असं लिहून सही केली की झालं. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे असतील, पण अमेरिकेपुरतं तरी गावातल्या बापाने त्या स्टॅम्पासाठी पैसे मोजू नयेत.

माझं मागणं फार मोठं नाही. विवाह दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापील द्या, त्यात लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतर वापरणार ते नाव असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि दुसरा रकाना बाईला विचारून भरा, सवयीने नको. पासपोर्ट असेल तर स्पेलिंग त्यावरून घ्या. जन्मनोंदीत नाव घालायची मुदत आरोग्य खात्याशी बोलून एकदाची कायमची उठवा, शाळा सोडल्याचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर नाव घालता आलं पाहिजे. हे दाखले लोकसेवा हक्क कायद्यात बसतात, किती दिवसांत मिळणार त्याचा बोर्डही भिंतीवर असतो, पण चुकीचा दाखला वेळेत मिळाला तर त्याचं करायचं काय? दुरुस्तीचे दिवसही त्या बोर्डावर लिहा.

आणि परिपत्रक काढलंत तर त्याची प्रत गावागावात भिंतीवर लावायला सांगा साहेब, कारण "आमच्याकडे अजून काही आलेलं नाही" हे उत्तर माझ्या सासऱ्यांना आता तोंडपाठ झालंय.

आपली,
सातारा जिल्ह्याची एक सून, सध्या मुक्काम ओहायो