आमच्या ‘कुठे?’ची गोष्ट

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, की जेवणाच्या सुट्टीत टीममधले ज्येष्ठ सहकारी जे विनोद करतात त्यांतले निम्मे तुला कळत नाहीत, आणि जे कळले त्यांतल्या एकाने तुला वाईट वाटले. तू डेटाबेसला द्यायच्या आज्ञेची एक ओळ चालवायला घेतलीस, मागून कोणीतरी ‘व्हेअर लिहिलेस ना?’ असे विचारले आणि सगळे हसले. मी तेव्हा ‘मनावर घेऊ नकोस’ एवढेच बोलले, पण ते उत्तर अपुरे होते. सव्वीस वर्षे डेटाबेस सांभाळण्यात गेलेल्या आईने मुलीला याहून नीट उत्तर द्यायला हवे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

2004 साली, तू बालवाडीत असताना, मी सातपूरच्या एका कारखान्यात होते. पगाराच्या आदल्या संध्याकाळी एका कामगाराचा बँक खातेक्रमांक बदलायचा होता. मी अपडेटची ओळ लिहिली, नवा क्रमांक घातला, आणि तो कोणत्या कामगाराचा हे सांगणारा व्हेअरचा भाग लिहिण्याआधीच ओळ चालवली. ऑटोकमिट सुरू होते, म्हणजे केलेला बदल लगेच कायम होत होता. एकच नोंद बदलल्याचा निरोप पडद्यावर यायला हवा होता. तिथे 612 हा आकडा आला, म्हणजे तितक्या नोंदींत तोच एक खातेक्रमांक चढला होता. तो वाचताना हाताची बोटे गार पडली होती, ते मला आजही आठवते. आदल्या रात्रीचा टेपवरचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्यावर चुकीच्या आधीचे, संध्याकाळी 7 वाजून 38 मिनिटांपर्यंतचे लॉग, म्हणजे बदलांची टिपणे, चढवून नोंदींचा तो एक तक्ता, म्हणजे टेबल, परत आणेपर्यंत पहाटेचे साडेचार वाजले. त्या रात्री तू आजीजवळ झोपलीस.

दुसऱ्या दिवशी मी एंटरवर बोट ठेवले, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने हळूच विचारले, ‘कुठे?’ इंग्रजी व्हेअरचा साधा मराठी अर्थ. मला हसू आले, आणि त्या अपघातानंतर मी पहिल्यांदाच हसले. पुढे तो आमच्या खोलीचा रिवाज झाला. डिलीट किंवा अपडेट लिहिणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नवा असो की विभागप्रमुख, मागून कोणीतरी ‘कुठे?’ विचारणारच. त्या एका शब्दाने नंतर दोनदा तरी माझे टेबल वाचवले आहे. तुला तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या गाठीशीही अशी एखादी रात्र असण्याची शक्यता फार मोठी आहे. चहाला गेल्यावर त्याला ती सांगायला लाव.

आमच्या व्यवसायातले बहुतेक विनोद असेच घडलेले आहेत. ज्याला ते कळतात त्याला डेटाबेस कसा वागतो हे आपोआप कळत जाते. आमच्या कॅन्टीनमध्ये चहाची यादी करताना एकाने साखरेबद्दल ‘नल’ असे उत्तर दिले. यादी करणारी म्हणाली, ‘मग तुम्ही साखरवाल्यांतही नाही आणि बिनसाखरवाल्यांतही नाही; तुम्हाला चहाच मिळणार नाही.’ हे अगदी अचूक आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि ‘नको’ही नव्हे, तर ‘ठाऊक नाही’. जन्मवेळ लिहिलेली नसली म्हणून कोणी त्या मुलाचा जन्म रात्री बारा वाजता झाला असे मानत नाही, तसेच हे आहे. साखर हवी असलेले शोध, किंवा साखर हवी नसलेले शोध, दोन्ही वेळा नलची नोंद गळते, कारण अज्ञात गोष्टीची तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. नल बरोबर नल हेसुद्धा खरे ठरत नाही; त्यासाठी ‘इज नल’ असेच विचारावे लागते. त्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या दोन शिकाऊ मुलांनी हा नियम पुन्हा कधी चुकवला नाही.

डेडलॉक, म्हणजे दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे, हेही मी नव्या मुलांना मिसळीवरूनच समजावते. एकाच्या हातात पावाची ताटली, दुसऱ्याच्या हातात रश्श्याचे भांडे, आणि समोरच्याने आधी द्यावे म्हणून दोघेही हातातले सोडायला तयार नाहीत. डेटाबेस हे ओळखतो आणि दोघांतल्या एकाचे काम रद्द करून दुसऱ्याला वाट देतो. रद्द झालेल्याला आमच्या भाषेत बळीच म्हणतात.

काही विनोद तर नाशिकबाहेर कळणारच नाहीत. गोदावरीच्या पुराचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले यावरून आपण पूर मोजतो. तू लहानपणी पुलावर उभी राहून ‘कमरेपर्यंत!’ असे ओरडायचीस. आमच्या खोलीत डिस्क भरत आली की आजही तीच मोजणी चालते. ‘गुडघ्यापर्यंत’ म्हणजे लक्ष ठेवा, ‘छातीपर्यंत’ म्हणजे जुने लॉग आत्ताच हलवा. टक्क्यांच्या आकड्याकडे एखादा दुर्लक्ष करील, पण मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आले असे ऐकून कोणी जागेवर बसून राहत नाही.

कॉड यांच्या नावाची शपथ तुला कळली नव्हती, तीही सांगते. एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएम कंपनीत असताना रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध प्रसिद्ध केला. आपण टेबलांत विचार करतो तो त्यांच्यामुळे. नॉर्मलायझेशन, म्हणजे माहितीची पुनरावृत्ती टाळून टेबले मांडणे, शिकवताना, टेबलातली प्रत्येक माहिती ‘कीवर, संपूर्ण कीवर आणि कीखेरीज कशावरही नाही’ अवलंबून असावी (की म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखण्याची खूण), असे कोर्टातल्या शपथेच्या चालीवर म्हणतात, आणि शेवटी देवाच्या जागी कॉड यांना साक्षीला बोलावतात. गॉड आणि कॉड यांच्या उच्चारात पहिल्या ध्वनीचाच काय तो फरक आहे. रिलेशनल डेटाबेस कसा असावा याचे त्यांचे प्रसिद्ध 12 नियम मोजायला गेलीस तर 13 भरतील, कारण मोजणी शून्यापासून आहे. हे मला फार आवडते.

आणि एक गोष्ट मी तुला आजवर कशी सांगितली नाही, याचे आश्चर्य वाटते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नावातले ‘माय’ म्हणजे ‘माझे’ असे अनेकजण समजतात. ते तो बनवणाऱ्यांपैकी एक, मायकेल विडेनियस, यांच्या मुलीचे नाव आहे. पुढे 2009 मध्ये त्यांनी त्यातूनच वेगळी शाखा काढली, तेव्हा धाकट्या मुलीच्या नावावरून ती मारियाडीबी झाली. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा तू शेजारच्या खोलीत पाढे म्हणत होतीस. त्यानंतर मी घरच्या संगणकावर सरावासाठी जो डेटाबेस बनवला, त्याला तुझेच नाव दिले; तो अजून आहे.

मात्र एका बाबतीत माझे मत ठाम आहे. आपली चूक आपण सांगितली, की तिच्यावर सगळ्यांनी हसावे. नव्या माणसाने शंका विचारली म्हणून कोणी हसत असेल तर तिथे गप्प राहू नकोस, कारण शंका विचारायला घाबरणारा माणूस ओळ न विचारताच चालवतो. आमच्या खोलीत असे एकदाच घडले, आणि त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावरून उठून गेले होते. तुझ्या टीममध्ये कोणते हसणे झाले ते तू तिथे होतीस, तूच ओळखशील.

तुमच्याकडे ‘बॅकअप आहे का?’ या प्रश्नावर ‘आहे, देवाच्या कृपेने’ असे उत्तर देतात, असेही तू सांगितलेस. त्यावर हसलीस तर हरकत नाही, पण शनिवारी चाचणीच्या सर्व्हरवर तो बॅकअप स्वतः रिस्टोर करून पाहा. किती वेळ लागला ते मिनिटांत कळव. मी फोनची वाट पाहते.

तुझी
आई